सैन्य अजून रास लफानला

नाटक साडेसहाचं, घड्याळात सव्वापाच, आणि सैन्य अजून रास लफानला.

जुलिया दोह्यातल्या एका शाळेच्या हॉलच्या विंगेत उभी होती. एकतीस वर्षं नर्सची नोकरी केल्यामुळे घड्याळ बघताना तिची दोन बोटं आपोआप कुणाच्या तरी मनगटावर जायची. आत्ता जवळ कुणी नव्हतं म्हणून ती स्वतःच्याच मनगटावर गेली. नाडी बरीच पळत होती.

परवा रविवारी सकाळी तिचं विमान होतं. नोकरी संपली, रेसिडेन्सी संपली, बिन महमूद भागातल्या फ्लॅटमधली मागची खोली दोन बॅगांत बसली. एकतीस वर्षांत वसईच्या या मंडळींनी दोह्यात चौदा नाटकं केली. चौदाही नाटकांत जुलिया विंगेतच उभी होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात सेफ्टी पिना, मागे चहाचा थर्मास. पंधरावं नाटक मात्र तिने स्वतः लिहिलं होतं. ते आज झालं तर झालं. आठ वाजता हॉल दुसऱ्या मंडळाच्या नाचाला द्यायचा होता, आणि परवा तीच नसणार होती.

नाटकाचं बी भाच्याच्या मुलीच्या, ऑलिव्हियाच्या, इतिहासाच्या पुस्तकात होतं. अमेरिकेत यादवी नुकतीच पेटलेली, राजधानी वॉशिंग्टन एकटी पडलेली. रेल्वेचे पूल जाळलेले, तारा तोडलेल्या. राष्ट्राध्यक्ष रोज खिडकीशी जाऊन बघतो, सैन्य आलं का. पुस्तकात एवढं अर्धं पान होतं. जुलिया तेव्हा मेथी निवडत होती.

"मग तितके दिवस गावातल्या लोकांनी काय केलं?" तिने विचारलं.

"आजी, दॅट्स नॉट इन द सिलॅबस," अकरा वर्षांच्या ऑलिव्हियाने सांगितलं.

जुलियाला ते पटलं नाही. तिने तीन महिने बसून लिहून काढलं. सगळं नाटक वाट बघण्याचं. शेवटी राष्ट्राध्यक्षाचं खिडकीपाशी तीन पानांचं बोलणं, आणि मग लांबून एक ढोल. खलास.

इथेच घरात यादवी झाली.

राष्ट्राध्यक्ष होता तिचा थोरला भाऊ ऑस्वल्ड. वय सत्तर. बंदरात क्रेनवर बावीस वर्षं काढून वसईला गेलेला, आणि आता दर हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर मुलांकडे येणारा. ऑस्वल्डने चौथीत शाळा सोडली होती. अक्षरं तो पस्तिशीनंतर शिकला, तीही जुलियाकडून, क्रेनच्या पावत्यांवर. नाटकाची कामं तो अजूनही ऐकूनच पाठ करायचा, आणि वाचून दाखवायची ती जुलियानेच. यंदा ती त्या तीन पानांवर आली, पहिलं वाक्य वाचलं, आणि ऑस्वल्डने हात वर केला.

"तीन पानं मी खिडकीशी गप्पा मारू? जुल्ले, लोक लांबून काय बघायला येतात? सैन्य! सैन्य आणायचं. बँडसकट."

गेल्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिखट इंद्याल आणि तळलेल्या फुग्यांच्या जेवणावर मतदान झालं. सैन्याच्या बाजूने ऑस्वल्ड, त्याचे दोन्ही मुलगे ऑल्विन आणि शेल्डन, आणि ऑल्विनची बायको कॅरिना. विरुद्ध जुलिया, ऑलिव्हिया आणि शेजारचे पुण्याचे गिरीश. गिरीश नाटकात तारमास्तर होते, आणि सैन्य आलं तर त्यांची चार वाक्यं जाणार होती. चार विरुद्ध तीन. पानं कापली गेली. ती तीन पानं जुलियाने वहीच्या मागे दुमडून ठेवली.

त्या दिवसापासून भाऊबहीण एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या मध्ये ऑलिव्हिया होती.

*

कॅरिनाचा फोन पाच वीसला वाजला तेव्हा ती स्टेजवर पिठाची पोती रचत होती. राजधानीच्या लोकांनी पिठाच्या पिंपांची तटबंदी केली होती म्हणे. पिंपं मिळाली नाहीत म्हणून शेल्डनने ओळखीच्या हॉटेलातून पोती आणली होती. रात्री नऊच्या आत परत करायच्या बोलीवर, कारण उद्याचे परोठे त्यांतच होते.

"कुठे पोचलात?" कॅरिनाने विचारलं.

"गेटवर," ऑल्विन म्हणाला.

"कुठल्या गेटवर? शाळेच्या?"

"रास लफानच्या."

कॅरिना पोत्यावर बसली. मत तिने सैन्याला दिलं होतं ते सासऱ्यासाठी नव्हे. तीन नाताळ तिचा नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्टवर होता. निदान एकदा तरी तो संध्याकाळी सहा वाजता घरच्या माणसांबरोबर उभा असलेला तिला बघायचा होता, मग तो निळा कोट घालून का असेना. त्यासाठी तिने जुलिया आतेला दुखावलं होतं. आते, जिने आई गेल्यावर ऑल्विन आणि शेल्डनला वाढवलं.

"अडीचला सुटणार होतात ना? बदलीची माणसं आली नाहीत का?"

"आली. बसही आली. तू रागावू नकोस, शेल्डनला विचार. त्याचीच आयडिया होती की कपडे बसमध्येच बदला, वेळ वाचेल."

"मग?"



"मग आम्ही वेळ वाचवला," ऑल्विन म्हणाला.

*

गेटवर बस थांबली तेव्हा आत आठ माणसं निळे कोट, पितळी बटणं आणि खांद्याला काळ्या बंदुका अशी बसली होती. रोज हीच माणसं कामाच्या अंगभर कव्हरऑलमध्ये पेंगत जायची. गेटवरचा नेपाळी गार्ड त्यांना चेहऱ्याने ओळखत होता. तो बसमध्ये चढला, दोन पावलं आला, आणि तशीच दोन पावलं मागे गेला.

"भाई साब," तो हळूच म्हणाला, "ये क्या है?"

"नाटक है," ऑल्विनने घाईने सांगितलं. "ड्रामा. चर्चवाले लोगों का."

ते एवढ्यावर मिटलं असतं. पण मागच्या सीटवर सुरज होता. सुरज नाशिकचा पाइप फिटर, आयुष्यात पहिल्यांदा नाटकात काम करत होता आणि आठवडाभर आपलं एकच वाक्य घोकत होता. गार्डचा युनिफॉर्म समोर दिसताच ते वाक्य त्याच्या तोंडून सुटलं, हिंदीतून.

"हम राजधानी बचाने जा रहे हैं!"

गार्डने त्याच्याकडे पाहिलं. मग रस्त्याच्या दिशेने पाहिलं, जिकडे ऐंशी किलोमीटरवर दोहा होतं.

"किससे?" त्याने विचारलं.

सुपरवायझर आला. तो शांत माणूस होता. त्याने ऑल्विनच्या फोनवर नाटकाचं पोस्टर पाहिलं, कॅरिनाने शिवून घेतलेल्या कोटाचं आतलं अस्तर पाहिलं, अस्तरावर फुलं होती. तो हसलाही. म्हणाला, कोट काढून घड्या घाला, असे कपडे घालून बाहेर जाता येणार नाही. सगळ्यांनी शुक्रन, शुक्रन असे आभार मानत कोट उतरवले आणि कव्हरऑल चढवले. ऑल्विनला वाटलं, सुटलो.

मग सुपरवायझरने एक बंदूक उचलली. उलटी केली. टिचकी मारली. नळीत डोकावला.

"ये तो पाइप है."

"हां सर," सुरज आनंदाने म्हणाला. "दीड इंच का. मैंने खुद बनाया, भंगार से. पॉलिश भी किया."

"गेट पास?"

बसमध्ये आठही माणसांनी एकदम खाली पाहिलं. रास लफानमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला दुसरं काही येवो न येवो, एवढं पक्कं माहीत असतं की आतली वस्तू बाहेर न्यायची तर कागद लागतो. खिळा असो की कंटेनर. ही माणसं वर्षानुवर्षं असे गेट पास काढत आली होती. बंदूक नेतोय म्हणताना, ती पाइप आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बंदुका इथेच ठेवतो," ऑल्विन म्हणाला. "आम्हाला सोडा."

"ठेवा ना. पण मटेरियल गेटपर्यंत आलंय. प्रत्येकाचा फॉर्म भरावा लागेल. एक माणूस, एक पाइप, एक फॉर्म. आणि त्यावर स्टोअरवाल्याची सही."

"स्टोअरवाला कुठे आहे?"

"शुक्रवार आहे," सुपरवायझर म्हणाला. "बोलावलंय. येईल, इन्शाल्ला."

ऑल्विनने त्या इन्शाल्लाचं माप घेतलं आणि बायकोला फोन लावला.

*

मेकअपच्या खोलीत, म्हणजे पाचवीच्या वर्गात, साडेसहाला युद्धसभा भरली. सैन्याचे सहा फॉर्म झाले होते, दोन राहिले होते. बाहेर हॉल भरला होता. नर्सा, त्यांचे नवरे, ऑफिसातली माणसं, गिरीशच्या ओळखीची पुण्याची चार कुटुंबं. सगळ्यांच्या डब्यांचा वास आत येत होता.

ऑस्वल्ड काळा कोट आणि उंच टोपी घालून पाचवीच्या बाकावर बसला होता. गुडघे हनुवटीला लागत होते.

"नाटक रद्द," तो म्हणाला. "ऑलिव्हिया, सांग तुझ्या आजीला. सैन्याशिवाय मी उभा राहणार नाही."

"आजी, ही सेज नो आर्मी, नो शो."

"त्याला सांग, मी ऐकलं. मी इथेच आहे."

"ग्रँडपा, शी हर्ड."

"पप्पा, रद्द कसं करायचं?" कॅरिना म्हणाली. "परवा आते जातेय."

"तू कुणाच्या पार्टीत आहेस?" ऑस्वल्डने सुनेकडे पाहिलं. "गेल्या शुक्रवारी हात वर केला होतास ना?"

"केला होता. आता खाली केला."

शेल्डन हमद पोर्टला कंटेनरचं वेळापत्रक बघायचा. त्याने फोनवर हिशेब मांडला होता. "बघा, ते आत्ता निघाले तरी साडेसातला पोचणार. आपण पावणेसातला सुरू केलं तर सव्वासातला सैन्याचा प्रवेश येतो. मध्ये पंधरा मिनिटं पडतात. फक्त पंधरा."

"फक्त!" ऑस्वल्ड उठायला गेला, बाक बरोबर उठला. "पंधरा मिनिटं मी काय करू स्टेजवर? टोपी पुसू? आणि तू गप बस. कपडे बसमध्ये बदला म्हणे! पोर्टमध्ये पण असंच चालवतोस का?"

"पप्पा, पाइपचं मला कुणी सांगितलं नव्हतं."

"मी तारेवर काही मिनिटं काढू शकतो," गिरीश मध्येच म्हणाले. ते सकाळपासून कपाळावर तारमास्तराची हिरवी झापड बांधून तयार होते. "माझी चार वाक्यं परत घेतली तर. 'तार तुटली, साहेब' हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हणू शकतो."

"गिरीशराव, एका प्रकारे म्हणा, पुरे आहे."

दारात हजरा मॅडम आल्या. हॉलची व्यवस्था त्या बघायच्या. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि उंच टोपीवर थांबवली. "आठ बजे, प्लीज. आठ मतलब आठ. बच्चियां बाहर ड्रेस पहनके खड़ी हैं."

त्या गेल्या. जुलियाने वही उघडली, मागची तीन दुमडलेली पानं सरळ केली आणि त्यांवरून हात फिरवला. मग ती बोलली, पण ऑलिव्हियाकडे बघून.

"तुझ्या ग्रँडपाला सांग, पंधरा मिनिटांचं माझ्याकडे आहे. पाठ नसलं तरी चालेल. मी विंगेतून एकेक वाक्य देईन. त्याने फक्त ऐकायचं आणि म्हणायचं. आजवर जसं केलं तसं."

"ग्रँडपा, शी सेज..."

"कळलं मला." ऑस्वल्डने टोपी काढून पुन्हा घातली. "तिला सांग, लोक उठून गेले तर माझी जबाबदारी नाही."

"ही सेज..."

"लोक जाणार नाहीत," जुलिया म्हणाली. "जेवण शेवटी आहे. पडदा उघडा. यल्ला, चला."

*

सव्वासातपर्यंत बरं चाललं. ऑस्वल्डचा आवाज अजून बंदरातल्यासारखा होता, माइक नसताना शेवटच्या रांगेत जाणारा. गिरीशनी "तार तुटली, साहेब" एकाच प्रकारे म्हटलं, पण सात वेळा. तटबंदीतलं एक पोतं फाटलं आणि राजधानीचे दोन नागरिक कंबरेपर्यंत पांढरे झाले. लोक हसले, ते चांगल्या मनाने.

मग ऑस्वल्ड खिडकीशी गेला. इथे बाहेरून बँड वाजायचा होता. वाजला नाही. मागे एसीचा आवाज फक्त. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तो स्टेजवर कधी गप्प उभा राहिला नव्हता. त्याला क्रेनच्या केबिनची आठवण झाली, खालच्या माणसाची खूण येईपर्यंत वर एकटं लटकून राहायचं.

विंगेतून आवाज आला. हळू, पण स्वच्छ. लहानपणापासून ओळखीचा.

"या शहराला मी रोज सांगतो, उद्या येतील."

"या शहराला मी रोज सांगतो, उद्या येतील," ऑस्वल्ड म्हणाला.

"शहर मला उलट विचारत नाही. त्याला माझी लाज राखायची आहे."

त्याने तेही म्हटलं. पुढे काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो कान देऊन ऐकत होता, आणि लोकांना वाटत होतं की राष्ट्राध्यक्ष लांबच्या ढोलासाठी कान देतोय. हॉल शांत झाला.

"टोपी काढ," विंगेतून आलं.

"टोपी काढ!" ऑस्वल्ड गरजला. कोपऱ्यात तारेच्या यंत्रापाशी बसलेल्या गिरीशनी दचकून हिरवी झापड काढली. पुण्याच्या चारही कुटुंबांनी टाळ्या वाजवल्या. ऑस्वल्डला चूक कळली, त्याने सावकाश स्वतःची टोपी काढली, आणि आता दोघांचीही डोकी उघडी झाली. हसू ओसरल्यावर ते उलट बरंच दिसलं.

"दूधवाली आजही आली," जुलिया विंगेतून देत होती. "मी तिला विचारलं, बाई, सगळे पळाले, तू का नाही गेलीस? ती म्हणाली, मी गेले तर गायींना कोण सांगणार?"

ऑस्वल्डने ते दूधवालीच्या आवाजात म्हटलं. पुन्हा हसू आलं. कॅरिना पलीकडच्या विंगेत उभी होती, तिने फोन पाहिला. ऑल्विनचा निरोप होता, 'पार्किंगमध्ये जागा शोधतोय.'

जुलियाने दुसरं पान उलटलं.

"ज्यांची वाट बघितली त्यांचे आपण पुढे पुतळे उभारू. पण जे आपल्या शेजारी उभे राहून वाट बघत होते, दिवा धरून, पाणी देत, आपण पुढे काय बोलायचं ते हळूच कानात सांगत..."

ऑस्वल्डने म्हणायला सुरुवात केली. "ज्यांची वाट बघितली त्यांचे आपण पुढे पुतळे उभारू. पण जे आपल्या शेजारी उभे राहून..." आणि मध्येच अडकला. विसरला नव्हता. विसरायला पाठ कुठे होतं? तो विंगेकडे बघत राहिला. अर्ध्या उजेडात बहीण उभी होती. चष्मा नाकावर, दोन सेफ्टी पिना ब्लाउजला, बोट ओळीखाली. चौदा नाटकं ती तिथेच उभी होती, आणि त्याने कधी तिकडे मान वळवली नव्हती. वळवायची गरज पडली नव्हती. आवाज आपला आपण येत होता.

"दिवा धरून," जुलियाने पुन्हा दिलं.

"दिवा धरून," तो म्हणाला. आवाज खालच्या पट्टीत गेला होता. "पाणी देत. आपण पुढे काय बोलायचं ते हळूच कानात सांगत."

पहिल्या रांगेतल्या एका नर्सने पर्समध्ये रुमाल शोधला.

तेवढ्यात हॉलचं मागचं दार धाडकन उघडलं. आठ माणसं आत आली. निळे कोट नाहीत, बंदुका नाहीत. धुळीने भरलेले कव्हरऑल, पायांत सेफ्टी बूट, छातीवर ओळखपत्रं. पुढे ऑल्विन, आणि त्याच्या मागे सुरज, तोंडाने बिगुल वाजवत. लोक उठून उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या. पोरं खुर्च्यांवर चढली. सुरजने छाती भरून घेतली आणि मधल्या वाटेत येऊन ओरडला, "आम्ही राजधानी वाचवायला..."

"थांबा!"

ऑस्वल्डचा हात वर गेला होता, क्रेन थांबवायला खालच्या माणसाचा जायचा तसा. सैन्य होतं तिथे थबकलं. सुरजचं वाक्य अर्ध्यात गिळलं गेलं. दाराशी हजरा मॅडम आल्या होत्या, मनगटावर बोट आपटत, आणि त्यांच्या मागे नाचाच्या मुली घोळक्याने डोकावत होत्या.

जुलिया वही मिटू लागली होती. सैन्य आलं होतं. लोकांना हवं ते मिळालं होतं. एक पान राहिलं तर राहिलं.

"सैन्याने तिथेच उभं राहावं," राष्ट्राध्यक्षाने शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. "माझं अजून एक पान बाकी आहे."

ऑल्विनने बापाकडे पाहिलं, मग कॅरिनाकडे. तिने विंगेतून दोन्ही हातांनी खूण केली, खाली बसा. आठ सैनिक मधल्या वाटेत जमिनीवर मांडी घालून बसले.

ऑस्वल्डने प्रेक्षकांकडे पाठ केली आणि सगळ्यांदेखत विंगेकडे तोंड वळवलं. ऑलिव्हिया सवयीने मध्ये यायला निघाली होती. त्याने तिला हातानेच बाजूला केलं.

"हां, जुल्ले," तो म्हणाला. "सांग पुढे."